उलान नसला तर

तिसऱ्या खेपेला बेगिमाय नोटरीची परीक्षा पास झाली आणि तिच्या आईनं मेंढा कापला. पहिल्या दोन खेपांना हीच आई अख्ख्या अक-जार गावाला ऐकवत फिरली होती, "टायपिंग येतं तेवढं पुरे की! पस्तिशीच्या बाईनं शाळकरी पोरींबरोबर परीक्षेला बसायचं म्हणजे शोभतं का?" पण राजधानीतून गोल शिक्का आला, मधोमध देशाचं चिन्ह, कडेनं बेगिमायचं नाव, तेव्हा आईचा सूरच बदलला. तिनं तो शिक्का पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फडताळात कुराणाशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावर न्यायला बेगिमायला तो आईकडून मागून घ्यावा लागला.

गावाला वाटलं, घरचं सरकार आलं. नोटरी म्हणजे नेमकं काय, हे आमच्या लोकांना कुठं ठाऊक असतं! पहिल्याच आठवड्यात सातार म्हातारा टोपी सावरत आला आणि खुर्चीवर फतकल मारून म्हणाला, "लिहून दे, की शेजाऱ्याच्या घोड्यानं माझं गवत खाल्लं."

"मी पाहिलं का खाताना, सातार अता?"

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही तसं सांगितलंत, एवढंच मला लिहिता येतं. घोड्यानं खाल्लं, असं नाही लिहिता येत."

"मग हा शिक्का काय मिरवायला दिलाय तुला?"

त्याच्यामागून एक बाई आली. जावई यापुढं दारू पिणार नाही असा कागद तिला हवा होता. जावयाला सही करायला घेऊन या, असं बेगिमायनं सांगितलं, तर बाई म्हणाली, "माझं ऐकून तो इथवर आला असता, तर तुझ्या पायऱ्या कशाला चढले असते!" बेगिमायला हसू आलं, बाईलाही आलं. ते दिवस बरे होते म्हणायचे.

काय करायचं आणि काय करायचं नाही, हे बेगिमायला पुस्तकापेक्षा क्लारा एजेनं शिकवलं होतं. एजे म्हणजे ताई. क्लारा एजे तालुक्याची जुनी नोटरी. तिच्या हाताखाली बेगिमाय नऊ वर्षं टायपिंग करत होती. आता एजे थकली आणि शहरात लेकीकडे निघाली. जाताना तिनं कोळशाची शेगडी, लोखंडी कपाट आणि खोलीची किल्ली बेगिमायच्या हवाली केली, आणि नऊ वर्षं सांगितलेलंच पुन्हा सांगितलं.

"समोर बसलाय तो तोच माणूस आहे का, बघ. शुद्धीवर आहे का, बघ. दाराआडून कुणी पढवत नाही ना, बघ. मग हा कागद केल्यावर पुढं काय होईल ते त्याला समजावून सांग. आणि मग तो म्हणेल ते लिही. तो म्हणेल ते, तुला बरं वाटेल ते नाही."

"आणि तो चुकत असला तर?"

"चुकायचा हक्क त्याचा. तुझा नाही. आणि मृत्युपत्रात काय लिहिलंय ते, करणारा जिवंत असेपर्यंत, पोटात ठेवायचं. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही."

"मला नवरा कुठाय, एजे?"

"मग निम्मी काळजी मिटली," एजे म्हणाली आणि बोचकं उचललं.

जूनमध्ये झूरा आली. झूरा आणि बेगिमाय शाळेत एका बाकावर बसायच्या. नातेवाइकांची कामं नोटरीला करता येत नाहीत, आईवडील, भावंडं, मुलंबाळं, कुणाचीच नाहीत. मैत्रीण मात्र कायद्याच्या त्या यादीत नाही. असती तर फार बरं झालं असतं, असं बेगिमायला पुढं कितीदा तरी वाटलं.

झूरानं सायीची बरणी टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "अता म्हणतात, घराचा कागद करायचाय. तुला बोलावलंय."

अता आमच्यात कुणाही वडीलधाऱ्याला म्हणतात; इथं तिचे सासरे, तुर्दुबाय. त्यांना मुलगे दोन. थोरला कुबात बायकापोरांसह राजधानीत, बिश्केकला. धाकटा उलान, झूराचा नवरा. आमच्यात बापाचं घर धाकट्याला जातं. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. तर हा उलान चार वर्षांपूर्वी रशियात बांधकामावर गेला आणि गेल्या ऑक्टोबरात परांचीवरून पडून जागच्या जागी गेला.

त्याच आठवड्यात तुर्दुबाय अता हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात होते. धक्का बसता कामा नये, डॉक्टरांनी बजावलं. गावातली वडीलधारी मंडळी बसली, कुबातही आला. ठरलं की एवढ्यात सांगायचं नाही, अता पायावर उभे राहिले की रीतसर सांगू. रशियातून आणलेल्या उलानला गावी न आणता बिश्केकलाच माती दिली. अता घरी आले, पण पायावर काही उभे राहिले नाहीत, आणि त्या 'एवढ्यात नको'चे आठ महिने झाले. अख्ख्या गावानं तोंडाला कुलूप लावलं. मृत्यू लपवायचं पुण्य वाटतं आमच्या लोकांना, मग त्याखाली कोण चिरडतं ते बघायला कुणाला सवड नसते.

चिरडली झूरा. तिला काळा रुमाल बांधता आला नाही. गळा काढून रडता आलं नाही. नवऱ्याला माती दिली त्या दिवशी तिनं गाईची धार काढली, सासऱ्याला रस्सा करून भरवला, आणि गोठ्यात जाऊन तोंडात रुमालाचा बोळा कोंबला. मूलबाळ नव्हतं. फोनमध्ये उलाननं बापासाठी पाठवलेले तीन निरोप होते. तेच ती आलटून पालटून अतांच्या कानाला लावायची. एकात तो म्हणायचा, इथं खूप बर्फ पडलाय, अता, पाय जपा. जून महिन्यात तो ऐकून अता म्हणायचे, "रशियाचं काय बाबा, बाराही महिने बर्फ!"

"मी मागितलं नाही हां, बेगिमाय," झूरा म्हणाली. "सुनेनं सासऱ्याकडे घर मागायचं? तोबा! त्यांनीच काढलं. म्हणाले, झूरा, तुझ्या डोक्यावरचं छप्पर मी कुणाला काढू देणार नाही. असंच म्हणाले, शब्द न् शब्द."

आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा धुगधुगी दिसली. वसंतात कुबातनं तिला सरळ सांगितलं होतं, अतांच्या मागं घर विकायचं, तू भावांकडे जा. भावांकडे दोन खोल्यांत नऊ माणसं होती. जायचं कुठं?

"एकच हात जोडून सांगते," दारात जाता जाता झूरा वळली. "उलानचं त्यांना कळू देऊ नकोस. काहीही झालं तरी. तो येईल म्हणून जेवतात गं ते."

"ते म्हणतील तेवढंच मी लिहिणार."

"तेवढंच तर हवंय मला!"

गुरुवारी बेगिमाय गेली. तुर्दुबाय अता खिडकीपाशी गिरद्यांना टेकून बसले होते. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे पांढरे झालेले, पण दाढी विंचरलेली, डोक्यावर सणाची टोपी. झूरानंच तयार केलं असणार. बेगिमायनं तिला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"अता, मी कोण?"

"तू? तू माझ्या बागेतली सफरचंदं चोरायचीस. हिरवी खाऊन एकदा झाडाखालीच ओकली होतीस."

"आज वार कुठला?"

"गुरुवार. आणि गाडीला चार चाकं असतात. मला वेडा ठरवायला आलीस काय गं?"

"सगळ्यांनाच विचारावं लागतं, अता." म्हाताऱ्याचं डोकं खणखणीत होतं. बेगिमायच्या मनात कुठंतरी होतं की ते भरकटले असावेत. मग कागद पिशवीत घालून परत जाता आलं असतं.

"लिही," अता म्हणाले. "घर, गोठा, बाग, सगळं उलानला."

बेगिमायचं पेन थांबलं. "झूरा म्हणाली, तिच्या डोक्यावरचं छप्पर..."

"तेच की! नवऱ्याचं घर ते बायकोचं घर. कुबात शहरातून काय काय बोलतो, तिला वाटतं मला ऐकू येत नाही. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. उद्या उलान परत आल्यावर भावाभावांत वाद नको. म्हणून कागद."

असं होतं ते छप्पर. कागद केल्यावर पुढं काय होईल ते त्याला समजावून सांग. काय सांगायचं? की अता, मेलेल्या माणसाच्या नावचं मृत्युपत्र म्हणजे कोरा कागद, घर आपोआप कुबातला जाईल, आणि तुमची सून रस्त्यावर येईल? हे सांगायचं तर आधी ते सांगायला हवं. आणि ते सांगायची आमच्यात रीत आहे. चार वडीलधारे येतात, आधी जनावरांचं बोलतात, हवेचं बोलतात, मग आडवळणानं सांगतात की काळा उंट, म्हणजे मरण, कधीतरी प्रत्येकाच्याच दारात बसतो, आणि ऐकणाऱ्याला चारही बाजूंनी धरून ठेवतात. एकट्या बाईनं हातात पेन घेऊन ते सांगायचं नसतं. तरी बेगिमायनं तोंड उघडलं. पलीकडच्या खोलीत पेल्यांचा आवाज होत होता. झूरा चहाची मांडामांड करत होती. बेगिमायनं तोंड मिटलं.

मग दुसरा विचार आला. आला म्हणजे आलाच, खोटं कशाला बोला. अतांना वाचता येत नव्हतं. कायद्याप्रमाणं बेगिमायच त्यांना वाचून दाखवणार होती. कागदावर झूरा लिहायचं आणि तोंडानं उलान वाचायचं. बोट धरून दाखवलं की तिथं ते सही करणार. कुणाला कळणार होतं? अल्लानंसुद्धा कानाडोळा केला असता! तिनं पेन टेकवलं. तीन परीक्षा, नऊ वर्षं, फडताळातलं ते पांढरं फडकं, सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन बसलं. चुकायचा हक्क तुझा नाही. तिनं पेन उचललं. त्या क्षणी तिला क्लारा एजेचा भयंकर राग आला.

तेवढ्यात तिला कायद्यातली एक अरुंद बोळ आठवली. परीक्षेत विचारलं होतं, आणि दुसऱ्या खेपेला त्याच प्रश्नावर ती आपटली होती.

"अता, कायद्यात एक सोय आहे. पहिला माणूस नसला तर घर कुणाला, असं दुसरं नाव घालता येतं."

"नसला तर म्हणजे?"

"म्हणजे घ्यायला आला नाही, नको म्हणाला, किंवा..."

"तोंड आवर!" अतांची काठी जमिनीवर आपटली. "जित्याजागत्या पोराचं असं बोलतेस?" थोड्या वेळानं त्यांचा श्वास ताळ्यावर आला. "सगळ्यांना विचारतेस हे?"

"हो," बेगिमाय म्हणाली. यापुढं सगळ्यांना विचारायचं असं तिनं तेव्हाच ठरवलं, म्हणजे ते अगदीच खोटं ठरणार नव्हतं.

अता बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. म्हणा झूरा, बेगिमाय मनातल्या मनात विनवत होती, एकदा म्हणा. नाव सुचवायची तिला परवानगी नव्हती. तरी न राहवून ती म्हणाली, "तुमच्याजवळ रोज कोण असतं, ते आठवून बघा." एवढंही तिनं बोलायला नको होतं.

"झूरा," अता म्हणाले.

बेगिमायनं पेन टेकवलं.

"नको. झूराला नको. पोरगी अजून चाळिशीचीही नाही. उलान नसला, देव न करो, पण नसला, तर तिनं इथं कशाला सडायचं? घर नावावर केलं की दाव्याला बांधल्यागत होईल. लोक म्हणतील, घर घेतलंस ना, मग बस आता मरेपर्यंत त्याची चूल सांभाळत. माझी बहीण अशीच बसली. वीस वर्षं, मेलेल्या नवऱ्याच्या चुलीपाशी. मी डोळ्यांनी बघितलंय, तेव्हा डोळे होते मला." पांढऱ्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं. "मग घर कुबातला जाऊ दे. झूराला तांबडी गाय दे, आणि माझा आशीर्वाद लिही. मोकळी होऊन जाऊ दे तिला. दुसरं घर करू दे. फार केलंय तिनं आमचं."

"अता, तिला कुठं जायचंच नसलं तर?"

"तू लिहायला आलीस की वाद घालायला?"

बेगिमायनं लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. प्रत्येक शब्द त्यांचा होता. अतांनी बोटानं जागा चाचपून सही केली. तिच्या हातचं ते पहिलं मृत्युपत्र. शिक्का अगदी स्वच्छ उठला, कुठं शाई फुटली नाही की अक्षर पुसट झालं नाही.

बाहेर झूरानं दस्तरखान भरून ठेवला होता. तळलेले कणकेचे बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा.

"झालं?"

"झालं."

"काय..." झूरानं जीभ चावली. "नको, नाही विचारत. गुपित असतं ना ते?" आणि ती हसली. काय हसली ती! बेगिमायनं तीन पेले चहा घशाखाली लोटला, कारण नको म्हटलं असतं तर झूरानं तिच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

त्या उन्हाळ्यात झूरानं घराला नवा चुना दिला. शिडी लावून छपराचे गंजके पत्रे स्वतः बदलले. फाटकाशी जर्दाळूचं रोप लावलं, ज्याला फळ धरायला चार वर्षं लागतात. बेगिमाय कामाला जाताना हे रोज बघत होती. नको लावूस गं, एवढे तीन शब्द होते. आठवडाभर तिनं ते गिळले, आणि मग ओढ्याकाठच्या लांबच्या रस्त्यानं जायला लागली.

ऑगस्टच्या शेवटी अता झोपेतच गेले. अंगणात तंबू उभा राहिला, आणि झूरा काळा रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून बसली. रडण्यातले पहिले काही शब्द सासऱ्यासाठी होते. मग उलानचं नाव आलं. दहा महिने छातीत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. बायका आधी तिला गप्प करायला धावल्या, "अगं, आज अतांचा दिवस आहे!" मग त्याही तिच्या गळ्यात पडून रडल्या. तीन दिवस तिचा आवाज थांबला नाही. आता ऐकणारा कुणी उरला नव्हता, म्हणून कुणी तिला अडवलं नाही.

चाळीसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर चार वडीलधाऱ्यांसमोर बेगिमायनं मृत्युपत्र वाचलं. कुबात खाली मान घालून ऐकत होता. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. शहरात तीन पोरं घेऊन तो लोकांच्या घरात राहत होता, आणि हे घर विकून त्यालाही तिथं छप्पर हवंच होतं. वाचून झाल्यावर सातार म्हातारा पुटपुटला, "गाय चांगली आहे."

झूरा बेगिमायच्या मागोमाग फाटकापर्यंत आली.

"'नसला तर' हे त्यांनी आपणहून काढलं?"

"मी विचारलं. मला वाटलं, तुझं नाव घेतील."

"घेतलं नाही?"

"घेतलं. मग म्हणाले, नको. तू अडकून पडशील. तू मोकळी होऊन दुसरं घर करावंस, असं त्यांच्या मनात होतं. रडले, झूरा. तुझ्यासाठी रडले."

झूरा त्या जर्दाळूच्या रोपाकडे बघत राहिली. "म्हणजे उलान गेलाय हे त्यांना ठाऊक असतं, आणि मी म्हणाले असते की अता, मला कुठं जायचं नाहीये, मला इथंच राहू द्या, तर?"

"कदाचित."

"तू सांगितलं नाहीस त्यांना."

"तूच म्हणाली होतीस, काहीही झालं तरी..."

"हो," झूरा म्हणाली. "मीच म्हणाले." आणि ती भांडी घासायला आत गेली. चाळीस माणसांची भांडी पडली होती.

कुबातनं तिला पहिल्या बर्फापर्यंत राहू दिलं. बर्फ त्या वर्षी लवकर पडला.

नोव्हेंबरात झूरा कचेरीत आली. शेगडीपाशी हात शेकत म्हणाली, रशियात निघालेय, एका खानावळीत भांडी धुवायचं काम आहे. शहर तेच, उलानचं. सोबत सातार म्हातारा होता. तांबडी गाय त्याच्याकडे राहणार होती, त्याचं अधिकारपत्र करायचं होतं.

"सांभाळायची फक्त," झूरा म्हणाली. "विकायची नाही, असंपण लिही."

"म्हातारी झाली तर?" सातार म्हणाला.

"तरी नाही."

"ती रोज संध्याकाळी जुन्या फाटकाशी जाऊन उभी राहते, ठाऊक आहे ना? नवा मालक दगड मारतो."

"तुम्ही घेऊन या परत. रोज घेऊन या."

बेगिमायनं पासपोर्ट उघडला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, नंबर लिहिला. आणि सवयीनं, सगळ्यांना विचारते तसं, मान वर न करताच तिनं विचारलं, "राहणार?"

विचारलं आणि तिनं पेन उचललं.

"अक-जार," झूरा म्हणाली. "वरची आळी. सतरा नंबर."

"झूरा, तिथं आता..."

"समोरचा सांगेल ते लिहितेस ना तू? मग मी सांगतेय. लिही."

पासपोर्टात तोच पत्ता अजून नोंदलेला होता. कायद्याची काही हरकत नव्हती. बेगिमायनं लिहिलं, शिक्का मारला, आणि नियमाप्रमाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. झूरानं सही केली, रुमाल घट्ट बांधला, पण उठली नाही.

"पत्ता तेवढा पुन्हा वाच," ती म्हणाली.

बेगिमायनं पुन्हा वाचला.